ताटात परत येणारी कडधान्ये आणि संपणारा पाव : एका निवासी शाळेच्या स्वयंपाकघराचे प्रकरण

हे प्रकरण एका निवासी शाळेचे आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. आहार-सल्लागार म्हणून मी या कामात सुरुवातीपासून होते, त्यामुळे निर्णय कुठे अडले आणि कुठे वळले ते जवळून पाहता आले. मुख्य धान्याला कडधान्यांची जोड देण्याचा विचार करणाऱ्या कोणत्याही सामूहिक स्वयंपाकघराला यातले बरेचसे लागू पडेल.

पार्श्वभूमी

शाळेत सहा ते सतरा वयाची दोनएकशे मुले-मुली राहतात. शाळेची स्वतःची भट्टी आहे आणि तिन्ही वेळच्या जेवणात पाव असतो. हा पाव पूर्णपणे मैद्याचा होता. सकाळी त्याच्यासोबत मक्याची पातळ लापशी आणि चहा, दुपारी-रात्री भाजी, आठवड्यातून काही वेळा राजमा, मसूर किंवा वाटाणा. दूध रोज, पण थोडे. अंडी क्वचित.

शाळेच्या डॉक्टरांनी व्यवस्थापनाकडे दोन गोष्टी मांडल्या होत्या. मोठ्या मुलींपैकी बऱ्याच जणींत रक्तक्षय दिसत होता आणि काही मुलांची वाढ मंद वाटत होती. व्यवस्थापनाने यावरून काढलेला निष्कर्ष सरळ होता : प्रथिने कमी पडत आहेत, तेव्हा प्रथिनांची पावडर आणा.

नेमका प्रश्न काय होता

पहिले काम म्हणून आठवडाभर दोन गोष्टी वजन करून नोंदवल्या : स्वयंपाकघरातून काय बाहेर गेले आणि ताटांतून काय परत आले. जेवणाचा तक्ता पाहून आहाराचा अंदाज बांधणारे अनेक जण नेमकी ही पायरी गाळतात. तक्त्यावर कडधान्ये होती. ताटात वाढलीही जात होती. पण त्यांचा मोठा भाग बादलीत जात होता. पाव मात्र जवळजवळ पूर्ण संपत होता.

कडधान्ये नकोशी होण्यामागे कारण होते. काही महिन्यांपूर्वी एका दुपारी राजमा खाऊन बऱ्याच मुलांना उलट्या झाल्या होत्या. तो मंद आचेवर रात्रभर ठेवून शिजवलेला होता. राजम्यात, विशेषतः लाल राजम्यात, फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे द्रव्य असते. ते खळखळत्या उकळीत नष्ट होते, मंद उष्णतेत होत नाही. दाणा मऊ लागतो आणि तरीही बाधतो. त्या दिवसानंतर मुलांच्या मनात सगळीच कडधान्ये एका रांगेत बसली होती.

दुसरी गोष्ट हिशेबातून दिसली. मोठे मूल दिवसभरात साधारण ३०० ग्रॅम मैद्यापासून केलेला पाव खात होते. त्यातून सुमारे ३० ग्रॅम प्रथिने मिळतात. ४५ किलो वजनाच्या किशोराची रोजची गरज साधारण ४० ग्रॅमची असते. भाजी, लापशी आणि दूध धरले, तर प्रथिनांचे प्रमाण फारसे कमी नव्हते. कमी होते ते लायसिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिने ज्या घटकांची बनतात त्यांतला एक, जो शरीराला अन्नातूनच मिळवावा लागतो. मैद्याच्या एका ग्रॅम प्रथिनात ते जेमतेम २३ मिलिग्रॅम असते. अन्न व कृषी संघटनेच्या २०१३च्या अहवालाप्रमाणे तीन वर्षांवरील सर्वांसाठी दर ग्रॅम प्रथिनामागे ४८ मिलिग्रॅम लायसिन असावे. म्हणजे पावातली प्रथिने शरीर बांधायला निम्मीच उपयोगी पडत होती. बाकीची शरीर नुसती इंधन म्हणून जाळते.

कडधान्यांत नेमके उलटे असते. हरभऱ्याच्या एका ग्रॅम प्रथिनात सुमारे ६७ मिलिग्रॅम लायसिन, पण मेथिओनिन आणि सिस्टीन ही गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी. धान्यांत ती पुरेशी असतात. एकाची उणीव दुसरे भरून काढते. हा मेळ एकाच घासात किंवा एकाच जेवणात साधावा लागत नाही, दिवसभरात साधला तरी पुरतो. पण कडधान्ये बादलीत जात असतील तर तो दिवसभरातही साधत नाही.

रक्तक्षयाबद्दल मात्र सुरुवातीलाच व्यवस्थापनाला स्पष्ट सांगावे लागले की पावात डाळीचे पीठ घालून रक्तक्षय बरा होत नाही. ज्या मुलींमध्ये तो आढळला आहे त्यांचे उपचार डॉक्टरांनी वेगळे आणि लगेच सुरू करावेत. आहारातला बदल हा त्याला आधार आहे, पर्याय नाही. असे न सांगता काम सुरू केले असते तर पुढे कोणत्याही यशाला अपयश म्हटले गेले असते.

समोर असलेले पर्याय

*प्रथिनांची पावडर.* लागू करायला सोपी, म्हणून सगळ्यांना आवडलेली. पण ती रोज विकत घ्यावी लागणार, वेगळी वाटावी लागणार आणि मुले ती किती दिवस पितील हे कोणालाच माहीत नव्हते. शिवाय प्रथिनांचे प्रमाण हा मूळ प्रश्नच नव्हता.

*दूध आणि अंडी वाढवणे.* पोषणाच्या दृष्टीने हा सर्वांत भक्कम पर्याय होता आणि तसे मी लेखी दिले. बी-१२ जीवनसत्त्व धान्य-कडधान्यांतून मिळत नाही, ते प्राणिजन्य अन्नातूनच येते. खर्चाची मर्यादा लक्षात घेऊन असे ठरले की आहे ते दूध कोणत्याही परिस्थितीत कमी करायचे नाही आणि अंडी शक्य तेव्हा वाढवायची.

*ताटातली कडधान्ये वाढवणे.* जे आधीच परत येत आहे ते जास्त वाढून काय होणार? शिजवण्याची पद्धत सुधारल्याशिवाय या पर्यायाला अर्थ नव्हता.

*पावाच्या पिठातच कडधान्याचे पीठ मिसळणे.* मुले जे सर्वांत जास्त खातात, त्यातच बदल. हा पर्याय निवडला गेला. लापशीचे मिश्रण बदलणे आणि राजमा नीट शिजवणे ही त्याला दिलेली जोड.

धान्याला दुसऱ्या स्रोताची जोड देण्याचा हा मार्ग नवा नाही. १९४९ साली ग्वाटेमालात सुरू झालेल्या इन्कॅप या पोषणसंस्थेने मका, ज्वारी आणि सरकीचे पीठ यांचे ‘इन्कापरिना’ हे मिश्रण तयार केले होते. त्याच संस्थेत रिकार्डो ब्रेसानी यांनी दाखवून दिले की मका आणि घेवडावर्गीय दाणे यांची प्रथिने साधारण निम्मी-निम्मी असली की मिश्रणाचा दर्जा सर्वांत चांगला होतो. वजनात हे प्रमाण ७० भाग मका आणि ३० भाग कडधान्य याच्या जवळपास जाते.

पहिला निर्णय : किती मिसळायचे

कागदावर उत्तर सोपे होते. मैदा आणि हरभऱ्याचे पीठ मिसळून ४८चा आकडा गाठायचा तर पिठात हरभरा वजनाने जवळजवळ ३९ टक्के लागतो. असा पाव भाजता येत नाही. गव्हातल्या ग्लुटेनच्या जाळीत वायू अडकतो म्हणून पाव फुगतो. कडधान्याच्या पिठात ग्लुटेन नसते. ते जितके जास्त, तितकी जाळी विरळ आणि पाव दडस.

भट्टी सांभाळणाऱ्या गृहस्थांनी ५, १०, १५ आणि २० टक्क्यांच्या लाद्या भाजून पाहिल्या. दहापर्यंत फरक जाणवत नव्हता. पंधराला पाव थोडा बसका झाला, पण चवीला चांगला होता. विसाला मधला भाग ओलसर राहिला आणि कच्च्या डाळीचा वास आला.

कोणीतरी सुचवले की वरून ग्लुटेन घालून २० टक्क्यांचा पाव फुगवता येईल. तांत्रिकदृष्ट्या ते खरे आहे. पण ग्लुटेनमध्ये लायसिन मैद्याहूनही कमी असते. ज्या कारणासाठी हरभरा घालायचा त्यालाच यामुळे काट बसते, म्हणून ते सोडून दिले.

तरीही मुख्याध्यापिकांनी २० टक्क्यांचा आग्रह धरला. त्यांची कळकळ मला समजत होती. मुलांना जास्तीत जास्त मिळावे एवढेच त्यांना हवे होते. मग एक आठवडा तसे करून पाहिले. पाव ताटात परत येऊ लागला, आणि ते सर्वांत मोठे नुकसान होते, कारण त्याबरोबर मुलांची ऊर्जाही परत येत होती. पुढच्या आठवड्यात प्रमाण १० टक्क्यांवर आणले. काही आठवडे ते तिथेच ठेवून मग १२ आणि शेवटी १५ केले.

भट्टीत काम करणाऱ्याला पहिल्याच बैठकीला बोलवायला हवे होते, असे आता वाटते. वीस टक्क्यांचे काय होणार हे त्यांना आधीच ठाऊक होते.

दुसरा निर्णय : कोणते पीठ

सुरुवातीच्या आराखड्यात सोयाबीनचे पीठही होते. हिशेब मोहक होता. तेल काढलेल्या सोयापिठात निम्मी प्रथिने असतात, थोडे घातले तरी आकडे झपकन वर जातात. पण आरोग्यनोंदी तपासताना एका मुलाला सोयाची ॲलर्जी असल्याचे दिसले. बाजूला ठेवलेला पदार्थ टाळता येतो. तिन्ही वेळच्या पावातून सोया कसे टाळणार? सोया वगळले. मुख्य अन्नात काहीही मिसळण्याआधी ॲलर्जीची यादी पाहणे ही पहिली पायरी असायला हवी. इथे ती तिसरी-चौथी ठरली, आणि तोवर सोयाच्या चाचण्यांवर बराच वेळ गेला होता.

एका पुरवठादाराने ‘मिश्र डाळींचे पीठ’ बरेच स्वस्तात देऊ केले. त्यात काय काय आहे याचे उत्तर मिळाले नाही, म्हणून ते नाकारले. ही काळजी अवाजवी नव्हती. बाकल्याच्या दाण्यांनी जी-६-पी-डी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्यांच्या रक्तपेशी फुटू शकतात. लाखोळी डाळ रोज आणि मोठ्या प्रमाणात खाल्ली तर पाय लुळे पडण्याचा लॅथिरिझम होऊ शकतो. कधीमधी खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थात जे खपून जाते ते रोजच्या पावात खपत नाही. त्यामुळे दाणे आणून स्वतः दळून घ्यायचे ठरले.

शेवटचे मिश्रण असे ठरले : मैदा ६० भाग, पूर्ण गव्हाचे पीठ २५, हरभऱ्याचे पीठ १५. अशा १०० ग्रॅम पिठात सव्वाबारा ग्रॅम प्रथिने आणि सुमारे ४३० मिलिग्रॅम लायसिन येते. आधीच्या मैद्यात हे आकडे १० ग्रॅम आणि २३० मिलिग्रॅम होते. ३०० ग्रॅम पीठ खाणाऱ्या ४५ किलोच्या मुलाला रोज सुमारे १,५७५ मिलिग्रॅम लायसिन लागते. पूर्वी पावातून त्याला सुमारे ६९० मिळत होते, आता १,३०० मिळू शकते. यात पचनातली घट धरलेली नाही. उरलेले लापशी, भाजी आणि दूध सहज भरून काढतात. एकट्या पावाने ४८चा आकडा गाठण्याचा हट्ट सोडला, तेव्हाच हा हिशेब जुळला.

तिसरा निर्णय : मुलांना सांगायचे का

व्यवस्थापनातल्या काहींचे म्हणणे होते की गुपचूप बदल करावा, सांगितले तर मुले नाके मुरडतील. मी याच्या विरोधात होते. ॲलर्जी हे एक कारण. हरभऱ्याचीही ॲलर्जी असू शकते आणि खाणाऱ्याला आपण काय खातो हे कळलेच पाहिजे. दुसरे कारण असे की दोनशे मुलांच्या घरात स्वयंपाकघरातले गुपित फार टिकत नाही. ते फुटले की पुढच्या प्रत्येक पदार्थाकडे संशयाने पाहिले जाते. राजम्याचा अनुभव ताजा होता.

शेवटी भोजनगृहात फलक लावला आणि मोठ्या मुलांच्या एका गटाला नाव न सांगता तीन पाव चाखायला दिले. दहा टक्क्यांचा पाव त्यांना मैद्याच्या पावाहून जास्त आवडला. हा निकाल मुलांनीच इतरांना सांगितला.

प्रत्यक्ष कृती

भट्टीतली पद्धत बदलली. रात्री फक्त गव्हाचे पीठ, पाणी आणि थोडे यीस्ट यांचे आंबवण ठेवायचे. हरभऱ्याचे पीठ सकाळी, मुख्य मळणीच्या वेळी घालायचे. यामुळे ग्लुटेनला जाळी बांधायला वेळ मिळतो. कडधान्याचे पीठ जास्त पाणी ओढते, म्हणून पाणीही वाढवावे लागले. लांब आंबवण्याचा आणखी एक मोठा फायदा आहे. पूर्ण धान्यातले आणि कडधान्यातले फायटेट लोह व जस्त बांधून ठेवते. आंबताना फायटेज हे एन्झाइम ते तोडत जाते आणि ही खनिजे शरीराला मिळणे सोपे होते. मैद्याऐवजी पूर्ण गहू आणि डाळ घातली की लोह वाढते आणि फायटेटही वाढते. घाईने फुगवलेल्या पावात ही वाढ बरीचशी कागदावरच राहते.

हरभरा दळण्याआधी हलका भाजायचा, इतकाच की कच्चा वास जाईल. सुरुवातीला तो खमंग, गडद तांबूस भाजला जात होता. चव छान येत होती, पण कोरड्या, तीव्र उष्णतेत लायसिन साखरेशी जोडले जाते आणि शरीराच्या उपयोगाचे राहत नाही. ज्यासाठी हरभरा आणला तेच भाजताना जळत होते. याच कारणाने उरलेल्या पावाचे टोस्ट करून ठेवण्याची सूचनाही मागे ठेवली. पाव उरत असेल तर मुळात पावच कमी करायचे.

लापशीत ७० भाग मका आणि ३० भाग हलका भाजलेला हरभरा असे पीठ घेतले. या प्रमाणात दर ग्रॅम प्रथिनामागे लायसिन ४८ मिलिग्रॅमच्या आसपास येते. पावात जे शक्य नव्हते ते इथे सहज जमले, कारण लापशी फुगायची नसते. लहान मुलांसाठी मात्र ती फार घट्ट होत होती. पातळ करायला पाणी वाढवले की प्रत्येक घासातले पोषण घटते. त्यावर मोड आणून वाळवलेल्या गव्हाचे पीठ कामी आले. लापशी शिजून थोडी निवली की ते चिमूटभर ढवळायचे. मोडांतले अमायलेज स्टार्च तोडते आणि पाणी न घालता लापशी सैल होते. त्यानंतर पुन्हा एक उकळी द्यायचीच, कारण मोड येताना जंतूही वाढतात.

राजम्यासाठी भिंतीवर सूचना लागली : रात्रभर भिजवायचा, भिजवलेले पाणी फेकायचे, नव्या पाण्यात ३० मिनिटे खळखळ उकळायचा, मग मऊ होईपर्यंत शिजवायचा. मंद आचेच्या भांड्यात कच्चा राजमा घालायचा नाही. भिजवलेले पाणी फेकल्याने पोटात वायू धरणाऱ्या शर्कराही थोड्या कमी होतात.

चहा जेवणापासून तासभर दूर नेला, कारण त्यातले पॉलिफेनॉल लोहाचे शोषण अडवतात. जेवणासोबत ‘क’ जीवनसत्त्वाचे काहीतरी, ताजे फळ किंवा कच्ची भाजी, ठेवायला सुरुवात झाली. यासाठी काहीच नवे शिजवावे लागले नाही.

काय झाले

१५ टक्क्यांचा पाव टिकला. ताटातून परत येणाऱ्या पावाचे वजन पहिल्या नोंदींच्या पातळीवर आले आणि तिथेच राहिले. पहिले काही दिवस पोट फुगण्याच्या तक्रारी आल्या, मग त्या कमी झाल्या. प्रमाण हळूहळू चढवल्याचा इथे उपयोग झाला असावा.

लापशीचे चित्र दुभंगले. लहान मुलांनी ती आनंदाने खाल्ली, मोठ्यांनी नाकारली. मोठ्यांना लापशी हे लहानांचे खाणे वाटते. पिठाचे प्रमाण बदलून यात फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता. आता मोठ्यांना सकाळी पावासोबत वाटलेल्या हरभऱ्याचे लावण दिले जाते. ते खाल्ले जाते. राजमा अजूनही निम्मा परत येतो. एकदा गेलेला विश्वास परत यायला वेळ लागणार, तोवर मसूर आणि वाटाणा जास्त वेळा ठेवला आहे.

एक अडचण अनपेक्षित होती. भट्टीवाले रजेवर गेले आणि बदली आलेल्या माणसाने पीठ वजनाऐवजी मापट्याने घेतले. हरभऱ्याचे पीठ आणि मैदा यांची घनता वेगळी असते. पाव दगडासारखा झाला आणि दोन दिवस तक्रारींची वही भरली. त्यानंतर कृती ग्रॅममध्ये लिहून तराजूशेजारी चिकटवली. पूर्ण गव्हाचे आणि हरभऱ्याचे पीठ मैद्याइतके टिकत नाही, खवट होते, म्हणून दळणही थोडे-थोडे आणले जाते.

रक्तक्षय असलेल्या मुलींपैकी अनेकींत सुधारणा झाल्याचे डॉक्टरांनी कळवले. त्याचे श्रेय पावाला देता येणार नाही. त्याच काळात त्यांना लोहाच्या गोळ्या सुरू होत्या आणि चहाची वेळही बदलली होती. मुलांच्या वाढीबद्दलही काही ठाम म्हणण्याइतका काळ गेलेला नाही. ठामपणे एवढेच म्हणता येते की मुले पूर्वीइतकाच पाव खातात आणि त्या पावातले लायसिन जवळजवळ दुप्पट झाले आहे.

पुन्हा करायचे तर

ॲलर्जीची यादी पहिल्या दिवशी, भट्टीवाले पहिल्या बैठकीत, आणि चाखण्याची चाचणी वयोगटाप्रमाणे वेगवेगळी. मोठ्यांना लापशी आधी चाखायला दिली असती तर तिचा नकार आठवड्यांऐवजी एका सकाळी कळला असता. ताटातल्या उरलेल्या अन्नाचे वजनही एकाऐवजी किमान दोन-तीन आठवडे घेतले असते, कारण परीक्षेच्या आणि सुट्टीनंतरच्या आठवड्यांत मुलांचे खाणे फार बदलते आणि तुलनेचा पाया डळमळतो. मुलांची उंची आणि वजन सुरुवातीला सगळ्यांचे एकाच पद्धतीने मोजून ठेवायला हवे होते.

एक गट या सगळ्यातून सुटला आहे. काही मुले पावच कमी खातात : वारंवार आजारी पडणारी, घरची आठवण काढून न जेवणारी, वजन वाढू नये म्हणून मुद्दाम कमी खाणाऱ्या मोठ्या मुली. पाव कितीही सुधारला तरी तो ताटात न घेणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही, आणि सरासरी वजनांत ही मुले दिसतही नाहीत. त्यांची नावे आता वसतिगृहाच्या ताई रोजच्या जेवणातून टिपतात. अशा मुलांसाठी दूध आणि अंड्यांचा वाढीव वाटा राखून ठेवण्याचा प्रस्ताव व्यवस्थापनापुढे आहे, आणि जेवण टाळणाऱ्या मुलींशी डॉक्टरांनी स्वतंत्रपणे बोलायला सुरुवात केली आहे.